कुणकेश्वरला तू नव्हतीस

आई, रविवारी आम्ही कुणकेश्वरला जाऊन आलो. मी, नवरा, आमची चार वर्षांची लेक आणि तुझी धाकटी बहीण, माझी मावशी. कसबा बावड्यातून उजाडतानाच निघालो. गगनबावड्याचा घाट उतरताना लेकीला मळमळलं, तर मावशीनं तिच्या नाकाशी लिंबू धरलं. वाळूवर पोचलो आणि पहिल्याच लाटेला घाबरून लेक मावशीच्या मांडीवर जी चढली, ती उतरेचना.

तू गेलीस तेव्हा मी तेवढीच होते. तुझं मला एकच आठवतं. समुद्र आहे, मी तुझ्या मांडीवर बसलेय, तुझा पदर ओला आहे, आणि तू बोटांनी माझ्या केसांतली वाळू झाडतेयस. बाकी सगळं फोटोतलं. एवढंच माझं स्वतःचं. बाळंतपणाच्या कळा सोसतानाही मी डोळे मिटून तिथंच जाऊन बसले होते. मावशीला हे सांगत होते, तेवढ्यात लेक बापाचं बोट धरून शिंपले वेचायला गेली. मावशी पाण्याकडं बघत म्हणाली, "ती मी हुतो, बाळ. तुझी आई तवा दवाखान्यात हुती."

मग तिनं सगळं सांगितलं. सलाईनच्या नळ्या बघून मी तुझ्याजवळ यायला भ्यायचे. म्हणून तूच हट्ट धरलास, पोरीला एक दिवस समुद्रावर न्या. मावशीला म्हणालीस, माझीच साडी नेस, म्हंजे पोर रडायची न्हाय. संध्याकाळी ती त्याच साडीत दवाखान्यात आली, तेव्हा तिचा ओला पदर गालाला लावून तू बराच वेळ पडून राहिलीस. एवढी वर्षं मला का नाही सांगितलंस, असं मी जरा रागानंच विचारलं. मावशी म्हणाली, "तुझ्याजवळ तेवढंच तर हुतं की."

हे पाठवायचं कुठं? पण पत्ता असता तरी पाठवलं नसतं. पदर सोडताना तू मावशीला विचारलंस, पोरीनं माझी आठवण काढली का? ती व्हय म्हणाली आणि तू डोळे मिटलेस. खरंच काढली होती का, असं मी तिला विचारलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "दिसभर खिदळत हुतीस, बाळ."

नव्हती काढली, आई. मी दिवसभर हसत होते.