मूठभर नवा तांदूळ

घरात नवा तांदूळ असून मी पंधरा दिवस रेशनचा जाडा भात खाऊन राहिली, कुंदन, तुयापायी. घरच्या पुरुषानं देवाले निवद दाखवल्याबिगर आपल्यात नवं तोंडात घालत नाही. तुया बाप गेल्यापासून ते काम तुयं हाय. तरी तू पुण्याहून आला नाही.

नातू कुंदनले आशीर्वाद.

औंदा रानडुकरांनी आपली धानाची अर्धी बांधी लोळवली. मी देवावर रुसली. म्हटलं, नातू नाही, धान नाही, तर तूबी उपाशी राह्य.

काल शेजारची शकुनबाई वाटी घेऊन आली. तिचं तर सारंच धान गेलं. म्हणे, "काकी, मूठभर नवा तांदूळ दे, निवद करते."

मी म्हटलं, "ज्यानं डुकरं नाही हाकलली, त्याले जेवू घालतं का वो?"

"डुकरांनी मायं धान खाल्लं, माया देव नाही खाल्ला," ती म्हणे. "अन् तुयं तर अर्धं उरलं. तुले कायचा राग?"

मी उठली. तिले सुपभर दिला. मंग चूल पेटवली अन् निवद मीच दाखवला. देवाले सांगतलं, जे उरलं ते तुयंच देणं, मानलं. पण पुढल्या साली डुकरं हाकलजो. बाईच्या हातचा निवद त्यानं काही फेकला नाही.

मांगच्या दोन न धाडलेल्या चिठ्ठ्या डब्यात हायेत, हेबी तिथंच राहीन. घरी येऊन वाच अन् मंग तूच उत्तर दे. तुई बायको कीर्ती, तिले पुढं करू नको.

तुई आजी
गयाबाई, करडी