दोन साड्यांचा ताणा

बाबा, आज नातीच्या आठवीच्या पुस्तकातलं एक गणित मला सुटलं आणि तुम्हाला सांगावंसं वाटलं. ऑटोत बसल्याबसल्या पंचवीस रुपये, पुढे दर किलोमीटरला पंधरा, तर भाड्याचं समीकरण मांडा. मी लिहिलं, पंधरा क्ष अधिक पंचवीस. नात म्हणते, "आजी, हे पंचवीस काहून वेगळे लिहिले?" मी म्हटलं, "एकच किलोमीटर गेलं तरी ते लागतेच ना वं." बोलून गेले आणि आपला हातमाग डोळ्यांपुढे उभा राहिला.

तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आहात. एक बाई लेकीच्या लग्नासाठी जांभळ्या साड्या सांगायला आली आहे. तिनं भाव विचारला तसं तुम्ही माझ्याकडे बोट केलं, कारण मी सातवीत गणितात पहिली आले होते. आपला ताणा नेहमी आठ साड्यांचा. ताण्याचे उभे धागे जोडणाऱ्याची मजुरी चाळीस, वर दर साडीला सूत आणि रंगाचे तीस. मी सगळं मिळवलं, आठानं भागलं, पस्तीस आले. त्यात पाच नफा धरून ऐटीत चाळीस सांगितले. "मालकीण भारी आहे तुमची," बाई माझ्याकडे बघून हसली, "मंग दोनच विणा." तुम्ही आडवा धागा टाकायचा धोटा बाजूला ठेवलात, आणि होकाराची मान हलवलीत.

जांभळ्या रंगाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ताणा दोन साड्यांपुरताच घातला. जोडणाऱ्यानं मात्र चाळीसच घेतले. शंभर गेले, ऐंशी आले. शेजारच्या मागावरचे काका आधीच म्हणाले होते, "भाव बदलून सांग ना गा, पोरीचं काय मनावर घेतं?" तुम्ही म्हणालात, "पोरीले खोटी पाडू काय?" आणि मला एवढंच, "ताणा दोन साड्यांचा असो का आठ साड्यांचा, धागे तेवढेच जोडा लागते वं." रागावला असतात तर बरं झालं असतं. तीस क्ष अधिक चाळीस. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, मला कागदावर उतरवायला इतकी वर्षं लागली. वही तुमच्यापुढे धरावी असं सकाळपासून वाटतंय, तुम्ही सुताचे हात धोतराला पुसून ती घ्यावी.

हे पत्र कपाटात कपड्यांखाली ठेवीन, तुम्ही गेल्यावर दुसरीकडे कुठे धाडू? त्या जूनमध्ये मी आठवीत गेले नाही. तुम्ही आणलेली नवी वही कोरीच राहिली. "काहून वं, मन लागत नाही काय शाळेत?" तुम्ही दोनदा विचारलंत, आणि मी दोन्ही वेळा "नाही लागत" म्हटलं. मन लागत होतं, बाबा. तुमच्यासमोर पुन्हा चुकायची भीती वाटत होती.