खुनी नणंदच असते

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
नवीन रोजनिशी सुरू. जुनी कोणीतरी वाचतं असा संशय आहे. पान सदतीसवर हळदीचं बोट उमटलेलं सापडलं. घरात हळदीला हात लावणारी व्यक्ती एकच आहे. नाव लिहीत नाही. ही वही विम्याच्या फाइलमध्ये ठेवणार.

काल सिद्धोधन सर आले होते. रिटायर्ड हेडमास्तर, सध्या पाथरीच्या आमच्या वाचनालयाचे सेक्रेटरी. वाचनालयात सिने-मंडळ काढतायत. पहिलं भाषण माझं. रविवार २३ तारीख, दुपारी चार. विषय मीच सुचवला : रहस्यपट, काल आणि आज. सर म्हणाले, भुजंगराव, या विषयात तुमच्याएवढा अधिकार तालुक्यात कोणाचा नाही. खरं आहे. पण ते इतक्या पटकन कसे काय कबूल झाले?

संकल्प : रोज दोन तास अभ्यास, दुपारची झोप पूर्ण बंद.

३ नोव्हेंबर. दुपारी ४.३०
झोप उद्यापासून बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मुद्दे काढले. नव्या रहस्यपटांबद्दल माझं मत वाईट आहे. खुनी मोबाइल वापरतो, पोलीस टॉवरचं लोकेशन काढतात, संपलं. डोक्याचं काम टॉवर करतो. पिक्चरभर निळा अंधार. खून धड दिसत नाही, पण ड्रोनवरून जंगल मात्र दहा वेळा दाखवतात. इन्स्पेक्टरला घरी प्रॉब्लेम असतो. त्याचा घटस्फोट, त्याच्या गोळ्या, हे सगळं बघत बसायचं. खुनाचं काय झालं हे विचारायचं नाही.

भुताच्या पिक्चरचीही तीच गत. जुनं भूत रीतसर यायचं. आधी कुत्रं, मग दार, मग घुंगरू. माणसाला घाबरायला सवड द्यायचं. नवं भूत एकदम कानात बोंबलतं. दचकवणं वेगळं आणि घाबरवणं वेगळं. दचकायचंच असेल तर मनकर्णाने मागे पातेलं आपटलं तरी मला पुरतं.

मनकर्णा म्हणजे आमची सौ. मुद्दे वाचून दाखवले. म्हणाली, चांगलंय की. एवढंच. काहीतरी मनात आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आज मूळ सिद्धांत लिहून काढला. हा माझा स्वतःचा आहे, कोणत्याही समीक्षकाला सुचलेला नाही.

१९८५ ते ९२ मध्ये सेलूच्या टॉकीजात मी एकोणचाळीस रहस्यपट पाहिले. रविवारी तीनचा शो, साडेसहाची एसटी. प्रत्येक पिक्चरची नोंद तेव्हाच्या वहीत आहे. आज खुन्यांची बेरीज केली. एकोणचाळीसपैकी एकतीस पिक्चरांत खुनी नणंद. उरलेल्यांत सासू तीन, जाऊ दोन, घरमालक एक आणि हेडक्लार्क दोन. हेडक्लार्कचे दोन्ही चांगले आठवतात, कारण त्याच साली मला प्रभारी हेडक्लार्क केलं होतं.

म्हणजे जुन्या हिंदी रहस्यपटाचा कणा नणंद हा होता. नव्या दिग्दर्शकांनी नणंद सोडली आणि तिथंच त्यांचं बिघडलं. याला मी 'नणंद सिद्धांत' असं नाव दिलं आहे. सिद्धोधन सरांना भाषणाआधी सांगायचा नाही. ते परभणीच्या पेपरात लिहितात.

माझी पद्धतही सांगणार. रहस्यपट इंटरव्हलपर्यंत डोळ्यांनी बघायचा आणि नंतर कानांनी. इंटरव्हलला भजी खाल्ली की मी डोळे मिटून घ्यायचो. एकाग्रता इतकी की आजूबाजूचं काही भान नसायचं. परतताना एसटीत मनकर्णाला शेवट सांगायला लावायचो. तिला कितपत कळलंय ते तपासायला. एकदाही अडखळली नाही. माझ्या सहवासाचा परिणाम.

८ नोव्हेंबर, शनिवार
कमलअक्काला फोन केला. माझी थोरली बहीण, पालमला असते. भाषणाला येते म्हणाली. पूर्वी दर उन्हाळ्यात दोन महिने आमच्याकडे राहायची. मनकर्णाचं आणि तिचं एका शब्दाने कधी वाजलं नाही. असं नणंद-भावजयीचं नातं बघायला मिळत नाही.

मनकर्णाला सांगितलं तर भाकरी तव्यावर करपली. म्हणाली, अक्कांना या वयात कशाला दगदग. मग थोड्या वेळाने म्हणाली, भाषणात ते नणंदेचं तेवढं काढू नका.

का? माझा सगळ्यात जोरदार मुद्दा का काढू नये? ही कोणाशी बोललीय? सिद्धोधन सरांच्या मिसेस आणि ही शनिवारी बाजारात बरोबर जातात.

१० नोव्हेंबर, सोमवार
लेक राजेश्री परभणीहून आली होती. टीव्हीला युट्यूब जोडून गेली. 'नीली लालटेन' निघाला. माझ्या मते सर्वश्रेष्ठ. बंगला, पाऊस, जिना, सगळं जागेवर. भाषणात मुख्य उदाहरण हेच. इंटरव्हलपर्यंत पाहिला. राहिलेला उद्या.

११ नोव्हेंबर
इंटरव्हलनंतरचा थोडा पाहिला. राहिलेला उद्या.

१२ नोव्हेंबर
राहिलेला उद्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ३.४०
आज उभं राहून पाहिला.

खुनी डॉक्टर निघाला.

नणंदेचा खुनाशी काही संबंधच नाही. नणंद आजारी हिरोला औषध देते आणि शेवटी लग्नात अक्षता टाकते. डॉक्टर जीप घेऊन पळतो, पोलीस शिट्ट्या वाजवतात, जीप दरीत जाते. एवढाच शेवट. माझ्या वहीत स्पष्ट लिहिलंय, माझ्या अक्षरात, तारखेसह : नणंद, जिन्यावर, हातात कंदील, 'या घरातली पहिली भाकरी वीस वर्षं माझ्या ताटात पडली, तू आलीस आणि मला दुसरी मिळायला लागली'. हॉलमध्ये लोक रडले होते. निदान मनकर्णा एसटीत सांगताना रडली होती.

शेवट बदलला आहे. कोणीतरी.

१५ नोव्हेंबर, शनिवार
उभं राहून आणखी तीन पाहिले. 'कातिल का लिफाफा' मध्ये पोस्टमनचा जुळा भाऊ. दुसऱ्यात मॅनेजर. तिसऱ्यात हिरोइनचा काका, व्हीलचेअरवरून उठून. सगळीकडे नणंद स्वच्छ सुटलेली. एक-दोन ठिकाणी झालं असतं तर चूक म्हटलं असतं. हे पद्धतशीर चाललंय.

चॅनेलच्या खाली कॉमेंट टाकली : मूळ शेवट कोठे आहे, आठ दिवसांत खुलासा करावा. एकाने खाली हसणारं तोंड टाकलंय. त्याचं नाव टिपून ठेवलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
तीन संशयित. एक, चॅनेलवाला. दोन, सिद्धोधन सर. त्यांना कॉम्प्युटर येतो आणि आज ते आपण होऊन म्हणाले की तुमच्या भाषणानंतर 'नीली लालटेन'ची शेवटची दहा मिनिटं पडद्यावर दाखवू. हाच पिक्चर का? मीच सांगितलं होतं त्यांना, पण तरी.

तीन, घरातली व्यक्ती. टीव्हीचा रिमोट आज पिठाच्या डब्यात सापडला. विचारलं तर म्हणाली, हातातून पडला असंल. रिमोट पडतो कबूल, पण वर झाकण कसं लागतं?

१९ नोव्हेंबर, बुधवार
मनकर्णा दोन दिवस धड जेवत नाही. दुपारी येऊन बसली, म्हणाली, तुमाला एक सांगायचंय. मी म्हटलं, भाषण झाल्यावर. म्हणाली, भाषणाच्या आदीच सांगावं लागंल. मी म्हटलं, माझं लक्ष विचलित करू नकोस, सगळ्यांसमोर माझी अब्रू पणाला लागलेली आहे. म्हणाली, म्हणूनच तर.

ऐकलं नाही. साक्षीदाराने आधी बोललं की साक्ष कच्ची होते. कारण माझा प्लॅन असा आहे : सरांनी खोटा शेवट दाखवला की मी उठणार आणि सगळ्यांसमोर प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उभा करणार. मनकर्णाला हे सांगितलेलं नाही. कळलं तर ती घाबरेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार
अक्का पालमच्या एसटीने आली. शेंगदाण्याची चटणी आणली. मनकर्णाने पाया पडून पाणी दिलं आणि पेला परत न घेताच आत गेली. अक्का म्हणाली, हिला काय झालं. मी म्हटलं, तुला बघून भरून आलं असेल.

भाषण पाठ. उद्या तालुक्याला कळेल.

२३ नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी ७
जसं झालं तसं लिहितो.

चौतीस लोक आले. पहिल्या रांगेत अक्का आणि मनकर्णा शेजारी शेजारी. भुताचा मुद्दा रंगला, टॉवरवर टाळी पडली. मग सिद्धांत मांडला. एकतीस नणंदा. सर मान डोलावत होते. मग 'नीली लालटेन'चा शेवट सांगितला. जिना, कंदील, पहिली भाकरी. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मागच्या रांगेतल्या दोन बायांनी डोळे पुसले. मी स्वतः पाहिलं.

मग सरांनी दहा मिनिटं लावली. डॉक्टर, जीप, शिट्ट्या. लोक हसायला लागले. धम्मशीला मॅडम हायस्कूलला इतिहास शिकवतात. त्यांनी विचारलं की तुमचा शेवट कुठून आला, त्याला आधार काय? मी याचीच वाट बघत होतो. म्हटलं, फिल्ममध्ये छेडछाड झालेली आहे, आणि मूळ शेवट माझ्या शेजारी बसून बघितलेली व्यक्ती इथं हजर आहे. मनकर्णाला उभं राहायला सांगितलं.

ती बराच वेळ उठेना. अक्काने कोपराने ढोसलं तेव्हा उठली. पदर सारखा केला. माझ्याकडे बघून म्हणाली, म्या बघितलाच न्हाई.

मी म्हटलं, नीट आठव.

म्हणाली, समदं आठवतंय. इंटरवलनंतर राजी रडायली की लोक वरडायचे. म्हणून तिला घिऊन मी बाहेर पायरीवर बसायची. राजी मोठी झाली तं महारुद्र झाला. सात वर्षं पायरीवरच होते. पोरं व्हायच्या आदी दोन शेवट बघितले, तेवढेच. हे आत झोपायचे. दिवे लागले की मी दारात यायची आन् हे डोळे चोळत बाहेर यायचे. गाडीत बसलं की म्हणायचे, शेवट सांग. काय सांगावं? न्हाई बघितला म्हणलं असतं तं पुढच्या वेळेपासून मला नेलंच नसतं. मग सांगायची जुळवून.

कोणीतरी मागून विचारलं, पण दरवेळी नणंदच का?

मनकर्णा खाली बघून म्हणाली, त्या टायमाला दुसरं कोण येणार डोळ्यासमोर.

हॉल हसून हसून बेजार झाला. सिद्धोधन सरसुद्धा. अक्का ताठ बसली होती. ती समोरच बघत म्हणाली की मी उन्हाळ्यात आले की तुमी दर ऐतवारी पिक्चरला का पळायचा, ते आज कळलं. त्यावर आणखी हसले.

मी झोपत नव्हतो हे सांगायला उठलो होतो, पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सर सकाळी आले. पुढचा कार्यक्रम मनकर्णाबाईंचा. त्यांनी रचलेले शेवट, त्यांच्याच तोंडून. मला वही घेऊन यायला सांगितलंय. म्हणाले की दुसरीकडे कुठंच त्यांची नोंद नाही.

अक्का आज जाणार होती, आता गुरुवारी जाते म्हणते. दोघी स्वयंपाकघरात आहेत. मधून मधून हसतात. दाराजवळ गेलं की गप्प होतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
वही पुन्हा वाचली. एकतीस शेवट, एकाहून एक सरस. मी त्यावर चाळीस वर्षं लोकांपुढे मतं दिली.

पहिल्या दोन सीनमध्ये खुनी ओळखणारा माणूस मी. दर वेळी दोन तिकिटं काढायचो आणि इंटरव्हलनंतर शेजारची खुर्ची रिकामी असायची. सात वर्षं मला पत्ता नाही. ती बाहेर पायरीवर, मांडीवर पोर घेऊन, आतला आवाज ऐकत बसायची. मला फार वाईट वाटतंय. तिला सांगायला गेलो तर अक्का तिथंच होती. परत आलो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
काल अक्का गेली. आज ठरवलं. मनकर्णाला एक पिक्चर शेवटपर्यंत दाखवायचा. वहीतला नंबर चौदा, युट्यूबवर आहे. मी स्वतः पुन्हा पाहिलेला नाही. रविवारी दुपारी तीन, जुन्या शोची वेळ. शेजारी बसून. एक पापणी लवू देणार नाही. भजी खाणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी २.५०
दोन खुर्च्या लावल्या. फोन बंद केला. मनकर्णा म्हणाली, हे काय नवीन. पण साडी बदलून आली. भजी तिनेच केली होती, नको म्हणणं बरं दिसलं नसतं. चारच खाल्ली. चेहऱ्याला पाणी लावलंय. तयार.

३० नोव्हेंबर. सायंकाळी ५.५०
डोळे उघडले तेव्हा टीव्ही बंद होता. मनकर्णा खुर्चीतच होती, मांडीवर परात, शेंगा सोलत.

विचारलं, संपला? म्हणाली, कवाच संपला. पयल्यापासून शेवटपर्यंत बघितला, मधी एकदाबी उठले न्हाई. लय बरं वाटलं म्हणाली.

खुनी कोण, विचारलं. म्हणाली, तुमीच बघा की.

३० नोव्हेंबर. सायंकाळी ६.४०
उभं राहून शेवटची दहा मिनिटं बघितली. वकील निघाला. का केला खून, तेही नीट सांगत नाहीत. पटलं नाही. काही मजाच नाही.

वही काढली. नंबर चौदाला नणंदेने भावजयीच्या डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीने गळा आवळला होता, आणि नंतर तीच साडी धुऊन, घडी घालून कपाटात ठेवली होती.

मनकर्णाकडे गेलो. म्हटलं, वकील सोड, खरं कोण होतं ते सांग. ती शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, वकीलच व्हता.