रकाना चौथा: वडिलांचं वजन

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्यांनी संप पुकारल्याचं कळलं. वॉर्डातल्या तुझ्या हाताखालच्या नर्सना तेवढीच उसंत.

इकडे चिमणीची काळजी लागली आहे. वय नऊ, वजन बावन्न. शाळेच्या तपासणीत निघालं, म्हणून तिची आई तिला डॉक्टरीणबाईंकडे नेते. मला संस्कृतचे तास असतात. बाईंनी चिठ्ठीत लिहिलंय, आईबाप दोघंही बेताच्या अंगाचे, मग पोरीतच हे कुठून आलं? ग्रंथींचा दोष असावा. तीनदा रक्त काढून झालं, आता मोठ्या रुग्णालयात पाठवणार आहेत. काल पाढे म्हणता म्हणता तिनं मला विचारलं, की माझ्या आत काय बिघडलंय. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. वर्गातही येरझाऱ्या घालत शिकवतो.

आता खरं सांगतो. घरी भरायच्या फॉर्मात वडिलांचं वजन असा रकाना होता. मी बहात्तर लिहिलं. ते माझ्या लग्नातलं. आज शहाण्णव आहे. बाईंनी मला पाहिलेलंच नाही, आणि बायकोनं फॉर्म न वाचता दिला, चिठ्ठीही न वाचताच आणली. तुझ्या ओळखीनं, मला काही सांगावं न लागता, या तपासण्या थांबतील का?

लोभ कमी करू नये. कमी करायचं ते दुसरंच आहे.

तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

ओळख वापरणार नाही. आपले अण्णा काट्यावर डोळे मिटून उभे राहायचे आणि काटाच बिघडलाय म्हणायचे. एक्कावन्नाव्या वर्षी गेले. तू एकोणपन्नासचा आहेस. पुढचं गणित तूच कर. आईबापांची अंगकाठी मुलांत उतरते, आणि घरातल्या सवयीही. म्हणून तो रकाना असतो, स्थळ दाखवायला नव्हे. सोमवारी जा. चिमणीला बाहेर बसवू नकोस, तिच्यासमोर सांग.

माया आहे म्हणून टोचून लिहिते.

ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो. आकडा चुकीचा होता असं पुटपुटलो. बाईंनी चपला काढून काट्यावर उभं केलं. सत्त्याण्णव भरले, म्हणजे तुला लिहिलं तेही असत्यच. त्या रागावल्या नाहीत. मोठं रुग्णालय तूर्त रद्द, आलेले रिपोर्ट ठीक आहेत, पण पथ्य अख्ख्या घराला, आणि या खेपेला रक्त माझं घेतलं. चिमणीनं माझा हात धरून ठेवला होता.

बाहेर पडल्यावर तिनं एवढंच विचारलं, की म्हणजे मी बिघडलेली नाही, बाबासारखी आहे ना. मी हो म्हणालो. ताई, ती इतकी खूश झाली की उड्या मारत पुढे निघाली. बाबासारखं असणं ही तिला सुटका वाटली, आणि मला धड हसताही येईना. चौकापर्यंतच धाप लागली. तिला हाक मारून थांबवावंसं वाटलं. मारली नाही. चालत राहिलो, जरा भरभर.

माया असू द्यावी, धाक त्याहून जास्त.

तुझा धाकटा