गोल कर, बरोबरची खूण नको

प्रिय किनुयोताई,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा हा नमस्कार कागदावरच पूर्ण झाला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? नागासाकीत संत्री आली असतील.

इकडे बेटावर माझी साठीनंतरची पदवी एका बालवाडीत अडकली आहे. विषय असा, की मुलांना खेळात मोठी माणसं केव्हा हवीशी वाटतात. मुलं सातच, पण त्यांना विचारायचं कसं हे ठरवण्यातच दोन महिने गेले. आधी प्रश्नावली केली, हसऱ्या, रडक्या आणि मधल्या चेहऱ्यांची. सगळ्यांनी मधलाच निवडला, कारण तो नसेल तर बाकीचे दोघे भांडतील. मग निरीक्षण. मी वही घेऊन कोपऱ्यात बसले, मुलांच्या लक्षातही न येता (असं वहीत लिहिलं आहे). प्रत्यक्षात त्यांनी मला पहिल्याच दिवशी भातुकलीतला फ्रिज केलं होतं. माझा डावा हात म्हणजे दार. तो उघडून कुणी ना कुणी सारखं टोफू न्यायचं. प्रबंधाचे मार्गदर्शक कुराउची सर (वय एकतीस) म्हणाले, "बाई, फ्रिजची साक्ष चालत नाही."

शेवटी चित्रं, खेळात हव्याशा वाटणाऱ्या मोठ्या माणसांची. मुलांनी मन लावून काढली आणि मी प्रत्येकावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली, आयर्लंडच्या सिस्टर उना आपल्या वह्यांवर करायच्या तशी. कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर अख्ख्या जपानात बरोबरला गोल करतात आणि ही खूण म्हणजे चूक, हे मी साफ विसरले. पाच वर्षांच्या मुगीने डोळे भरून विचारलं, "आजी, माझी आई चुकली?" मग सातही जणांनी आपापली मोठी माणसं खोडरबराने पुसून टाकली आणि संमतीच्या कागदावर फुल्या मारल्या. मुलांची संमती नसेल तर शुक्रवारी माझा प्रबंध रद्द.

मी वाकून माफी मागितली. तेव्हा मुगीनेच माझी मुलाखत घेतली. तू कुणाशी खेळतेस? म्हटलं, ताईशी. कधी? सांगावंच लागलं, की आईच्या किमोनोवरून आपण अबोला धरला, त्याला नऊ वर्षं झाली. मुगी म्हणाली, "मग आम्हाला काय विचारतेस? तिला विचार."

तुझी धाकटी,
सेत्सुको

ता. क. पत्र सहज लिहिलं आहे, काम काही नाही.

पुन्हा ता. क. सोबत मुलांनी लिहिलेला कागद आहे. तू गुरुवारी येऊन खेळलीस तरच त्यांची संमती. तुला वॉशिंग मशीन व्हायचं आहे, फ्रिजशेजारी जागा ठेवली आहे. येणार असशील तर गोल कर. सवयीने बरोबरची खूण केलीस, तर मुलांना दाखवणार नाही. मी ती सिस्टर उनांच्या अर्थाने वाचीन.