एअर क्लीनरचं झाकण

४ जानेवारी, रविवार

सापडली! आपलीच! शंभर टक्के आपलीच!

इंजिनावरचा नंबर तीनदा वाचला. एकदा चष्मा लावून, एकदा काढून, आणि एकदा नवऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. बाबांच्या जुन्या कागदांतला नंबर आणि हा — आकड्याला आकडा जुळला! एका बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. चारही टायर बसलेले, मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार. बाबांची लांब बदली झाली आणि त्यांनी ती विकली, तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते, हे पक्कं आठवतंय. आज मी छप्पन्नची आहे आणि शेडमध्ये अक्षरशः उड्या मारल्या. नवरा इकडेतिकडे बघत होता, कुणी पाहत तर नाही ना म्हणून.

मग बॉनेट उघडलं आणि डोक्यात तिडीक गेली. एअर क्लीनरचं झाकण उलटं! इंजिनाच्या डोक्यावर तो भलामोठा गोल डबा, आत फिल्टर, वर झाकण, मध्ये एक नट. यात चुकायला जागा तरी कुठे आहे? मधल्या मालकांपैकी कुणीतरी गाढव! बाबांच्या हातून असलं होणं शक्यच नाही. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. टायरमध्ये हवासुद्धा पुस्तकात लिहिलेली, तेवढीच.

बाबांना सांगायचं नाही. ब्रसुद्धा काढायचा नाही. गाडी होती तशी करायची, दारात आणून सुरू करायची आणि गप्प उभं राहायचं. त्यांच्या डोळ्यांना आता नुसता उजेड-अंधार कळतो, पण कान शाबूत आहेत. त्यांनीच म्हणायला हवं — अगं, ही तर आपली!

५ जानेवारी

दवाखान्याच्या औषधखिडकीत आज दोनदा हसले, कारण नसताना. पेशंट घाबरले.

११ जानेवारी, रविवार

गाडी गॅरेजात पोचली. गॅरेजवाल्या फोरमनकाकांनी (कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, ते नाव चिकटलं ते चिकटलंच) आत डोकं घालून पाच मिनिटं नुसतं 'हं, हं' केलं. मग म्हणाले, "ताई, हिचं धुराचं सामान सगळं काढून टाकलंय."

मला माहीतच नव्हतं! हिच्या जातीच्या गाड्यांना त्या काळी धूर कमी करायचा अख्खा सरंजाम असायचा. पट्ट्यावर फिरणारा एक हवेचा पंप — सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ताजी हवा सोडायची, म्हणजे उरलंसुरलं पेट्रोल तिथेच जळून जातं. टाकीतली वाफ धरून ठेवायला कोळशाचा डबा. आणि एअर क्लीनरच्या नाकाडात, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, एक झडप, थंड इंजिनाला गरम हवा पाजणारी.

"मग काढलं का?"

"लोकांना वाटायचं, हे सामान ताकद खातं. पहिल्या वर्षातच काढून फेकायचे. मीसुद्धा किती फेकलेत!" असं म्हणून काका कसनुसं हसले. "आता तेच हुडकत हिंडतोय."

झाकणाचं विचारलं. "हौस, ताई. झाकण उलटं केलं की चहूकडून हवा ओढते, गाडी डरकाळ्या फोडते. पळत काही जास्त नाही, पळल्यासारखी वाटते."

तिथल्या तिथे सरळ केलं. माझ्या हाताने. फार बरं वाटलं.

मार्चमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. 'मूळ रूपातली गाडी' असा एक वेगळा गट आहे. परीक्षक यादी घेऊन येतात, एकेक नळी बघतात. भाग घेणार! एकाही गोळीवर चुकीची चिठ्ठी मी तीस वर्षांत लागू दिलेली नाही. माझ्यासाठीच काढलाय तो गट.

१९ जानेवारी

कोळशाचा डबा मिळाला. फोरमनकाकांच्याच माळ्यावर! त्यात खिळे ठेवले होते त्यांनी.

१ फेब्रुवारी, रविवार

पंप! पंप! पंप!

गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे गेलो. नवरा म्हणे, "वाढदिवसाला मी तुला दागिना आणला तेव्हा हा चेहरा कुठे होता?" सकाळपासून सांगाड्यांमधून फिरून कंबर मोडली. शेवटी एका चपटलेल्या गाडीत, बॅटरीच्या पत्र्यामागे — तोच! तीच कप्पी, तेच दोन कान. भंगारवाला बघतच राहिला. "बाई, हा कशाला? हा फिरला काय, न फिरला काय, गाडी चालतेच."

"धूर कमी होतो," मी म्हटलं.

"धुराचं कुणाला पडलंय!"

मला पडलंय! पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी टेबलाशी बसून डोकं लढवलं की मागून येणाऱ्याच्या छातीत कमी धूर जावा, आणि लोकांनी त्याचा पंप पहिल्या वर्षीच उकिरड्यावर टाकला. त्या बिचाऱ्याची बाजू घ्यायला कुणीतरी हवं की नको?

घरी येताना पंप मांडीवर घेऊन बसले. साडीचं मातेरं.

२ फेब्रुवारी

पंप बोटाने फिरवला तर फिरतोय!

१० फेब्रुवारी

आज पकडली जाणार होते. बाबा जेवताना म्हणाले, "तपासनीसबाई, तुमच्या हातांना रॉकेलचा वास येतोय." (मी सात वर्षांची असताना दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून दूध परत पाठवलं होतं, तेव्हापासून मी तपासनीसबाई.) मी म्हटलं, दवाखान्यात नवीन मलम आलंय. बाबा म्हणाले, "कुणाला लावता? इंजिनाला?"

नवऱ्याला ठसका लागला. पण बाबांनी ताक मागितलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

एअर क्लीनर घरी आणलाय. गंज काढला, रंग दिला. झाकणावरचं मूळ लेबल फोटोवरून नवीन छापून घेतलं आणि पट्टी लावून चिकटवलं. अर्धा मिलिमीटरसुद्धा तिरकं नाही!

मग झडपेची परीक्षा. तिच्या बारीक नळीतून हवा ओढली की झडप उचलायला हवी. गाडीत हे काम इंजिन करतं, घरात कोण करणार? जेवणाच्या टेबलावर डबा ठेवला, नळी तोंडात धरली आणि जीव खाऊन ओढलं. नाकाडात 'टक्'! झडप वर! सोडलं — खाली! पुन्हा ओढलं. वर! मी आठ-दहा वेळा तरी केलं असेल. नवरा दारात उभा. "झालं का जेवण?" म्हणाला. त्यालाही ओढायला दिलं. तोही चार वेळा ओढून गेला, मोठा शहाणा!

८ मार्च, रविवार

सुरू झाली!!

किल्ली फिरवली, एक खोकली, दोन खोकली — आणि चालू! फोरमनकाकांनी मागे धूर मोजायचं यंत्र लावलं. काटा हलेना. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्या गाडीला लावून बघितलं, काटा टणकन वर! पुन्हा आपल्या गाडीला — जागचा हलेना. काकांनी यंत्राला हात जोडले. माझे डोळे भरून आले, तेही एका पंपासाठी. सांगायची सोय नाही कुणाला.

एकच गोष्ट. आवाज फारच हळू येतो. म्हणजे सुरू आहे की नाही हे बॉनेटवर हात ठेवून बघावं लागतं. मला तर आठवतंय, शाळेच्या फाटकापर्यंत आवाज यायचा हिचा, गाडी दिसायच्याही आधी. काका म्हणाले, "ताई, कंपनीतून अशीच निघायची. लहानपणी सगळंच मोठं वाटतं." खरंय. शाळेचं मैदानही परवा बघितलं तर एवढंसं.

स्टिअरिंगला नवं आवरण, सीटना नवं कापड, गिअरची मूठ नवी. पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघितलं. काहीही वेगळं नाही.

१५ मार्च

सहा दिवस. बाबा काय म्हणतील, एवढंच डोक्यात. आज चहात मीठ घातलं.

२१ मार्च, शनिवार

पहिलं बक्षीस. शंभरात अठ्ठ्याण्णव. परीक्षक तासभर बॉनेटखाली होते. पंप बघून एकाने दुसऱ्याला हाक मारून बोलावलं. लेबल बघून म्हणाले, "बाई, हे तुम्ही स्वतः चिकटवलंत?" आणि झाकणावर प्रेमाने टिचकी मारली. दोन गुण आरशाचे गेले, ते जाऊ देत.

संध्याकाळी गाडी थेट दारात आणली. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर. नवरा शेजारी उभा, गालातल्या गालात हसत. मी इंजिन चालू ठेवून उतरले आणि गप्प उभी राहिले.

बाबांनी मान आमच्याकडे वळवली. मग म्हणाले, "कुणी आलंय का?"

त्यांना हाताला धरून गाडीशी आणलं, आत बसवलं. त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला, गिअरची मूठ चाचपली. "छान आहे गं. नवी आहे का? कुणाची?"

शेवटी मीच सांगितलं. नंबर सांगितला, छापखाना सांगितला, पंप, कोळसा, सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आपली अशी गप्प नव्हती. आपली कोपऱ्यापासून ऐकू यायची."

"बाबा, कंपनीतून अशीच निघायची! पुस्तकात बघा हवं तर!"

"असेल," म्हणाले. माझ्या पाठीवरून हात फिरवला. "खूप कष्ट घेतलेस हो."

तो पाहुण्याला म्हणतात तसा 'हो'. मी आत जाऊन रडले. बक्षीस कपाटावर ठेवलंय. ते बघवत नाही. ज्या ज्या गोष्टीवरून बाबांनी ओळखलं असतं ती ती मीच उचलून फेकली काय? पण झिजलेली मूठ ठेवायची, फाटकं कापड ठेवायचं, तर मग दुरुस्त काय करायचं? नवरा म्हणतो, उद्या बोल त्यांच्याशी. काय बोलू?

२२ मार्च, रविवार

सकाळी चहा घेताना बाबांनीच विचारलं, "त्या गोल डब्याचं झाकण कसं बसवलंयस?"

"सरळ. पुस्तकाप्रमाणे."

"हां, मग बरोबर. मी ते उलटं केलं होतं. तू शाळेत नवी होतीस. सुटल्यावर फाटकाशी उभी राहून रडायचीस, बाबा येणारच नाहीत म्हणून. झाकण उलटं केल्यावर तुला कोपऱ्यापासून कळायला लागलं. मग नाही रडलीस."

चार जानेवारीच्या पानावरचं 'गाढव' खोडलं.

एक नट. दोन मिनिटांचं काम. लेबल गेलं खाली. परीक्षकांना कळलं तर बक्षीस परत मागतील. मागू देत.

नवऱ्याला म्हटलं, बाबांना घराच्या फाटकाशी नेऊन उभं कर. मी गाडी घेऊन लांब गेले आणि परत फिरले. कोपरा वळून फाटक दिसलं, तर बाबांनी हात आधीच वर केलेला होता.