पहिली बास्केट पडेपर्यंत

ऑर्डवे, इंडियाना
६ ऑक्टोबर

चि. लॉरेन यास मार्लिसताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बातमी पक्की आहे. यंदा आमच्या मुलींच्या संघाचा पहिलाच सामना तुमच्या हॅडन कॉलेजशी आहे, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, आणि तोही आमच्या जिममध्ये. तिकीटखिडकीवरच्या बर्नीसनं स्वतः सांगितलं. बर्नीसला जे आज कळतं, ते ऑर्डवे कॉलेजच्या अध्यक्षांना पुढच्या आठवड्यात कळतं, तेव्हा शंका घेऊ नकोस.

फोनच करणार होते, पण आईचा नियम आठवला. फोनवर तब्येत, हवापाणी आणि चर्च. बास्केटबॉल फक्त पत्रात, म्हणजे पाकिटाला तिकीट चिकटवेपर्यंत डोकं थंड होतं. शिवाय तुला हल्ली फोनवर ऐकू येत नाही, आणि शिक्षा होते माझ्या कानाला.

प्रशिक्षकांचा कौल तू वाचला असशीलच. आठ संघांत हॅडन पहिलं, आम्ही सातवे. अभिनंदन. गेल्या ऑक्टोबरातही तुम्हीच पहिले होतात. मार्चमध्ये हंगाम संपताना कुठं होतात, ते मोठी बहीण असल्यामुळे लिहीत नाही.

आता खरं कारण. टेसानं हॅडन सोडून आमच्याकडे नाव घातलं, त्या एप्रिलपासून तू तुझ्या सख्ख्या नातीशी बोललेला नाहीस. पोरगी तक्रार करत नाही. रविवारी चर्च सुटलं की माझ्याकडे खायला येते आणि ताटलीत बघत विचारते, आजोबांचं पत्र आलं का. मी सांगते, आलं, सगळं भोपळ्यांबद्दल होतं. त्या शुक्रवारी तू तिथं असावास, एवढंच तिच्या मनात आहे. तिनं मला हे लिहायला सांगितलेलं नाही.

लोभ आहेच. हॅडनच्या निळ्या रंगावर नाही, तुझ्यावर.

तुझी
मार्लिसताई


हॅडन
१० ऑक्टोबर

ती. ताईस लॉरेनचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भोपळे यंदा उत्तम आहेत, हे आधी लिहितो, म्हणजे तुला खोटं बोलावं लागणार नाही.

कौल वाचला. सातवे म्हणजे तुमच्यावर दयाच दाखवली लोकांनी. तुमची उंच मुलगी शिकून गेली, आता जाळीखाली उभं राहायला तुमच्याकडे आहे कोण? बर्नीस?

कालच क्लीटच्या दुकानात केस कापून आलो. तुला तिथला रिवाज माहीत आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी खुर्चीत बसलेल्यानं भाकीत सांगितल्याशिवाय क्लीट गळ्याभोवतीचं कापड सोडत नाही. मी सांगितलं, हॅडन फार तर तीन सामने हरेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी मागून विचारलं की टेसा कशी आहे. क्लीटनं उगाचच मशीन सुरू केलं. दोन वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत बसून मी गावाला सांगितलं होतं की माझी नात कॉलेजची चारही वर्षं निळा शर्ट घालणार. आता मी तिथं मान खाली घालून बसतो. क्लीट म्हणतो, मानेवरचे केस कापायला सोयीचं पडतं.

आपल्या संघाची पहिली बास्केट पडेपर्यंत हॅडनमध्ये कुणी खाली बसत नाही, ही आमची जुनी प्रथा. गेल्या वर्षी एकदा ती पडता पडेना, तरी मी या दुखऱ्या कमरेनं उभा होतो. असा माणूस तुमच्या नारिंगी जिममध्ये येऊन काय करणार? मला बोलावू नकोस.

टेसाला सांग की घराचं दार काही मी बंद केलेलं नाही. किंवा नको सांगू.

लोभ कमी होऊ देऊ नकोस. पुडिंग केलंस तर पाठव.

तुझा
लॉरेन


ऑर्डवे
१९ ऑक्टोबर

चि. लॉरेन यास अ. आ. वि. वि.

ती उभं राहण्याची प्रथा तुम्ही आमच्याकडून उचललीत, हे तुझ्याखेरीज सगळ्या इंडियानाला माहीत आहे. आमच्याकडेही ऑर्डवेची पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी बसत नाही. फरक इतकाच की आम्ही कमरेच्या कहाण्या सांगत नाही.

पर्सिमनच्या फळांचं पुडिंग सोबत पाठवते आहे. यंदा झाड लगडलंय.

काल मुलींचा सराव लोकांना बघायला खुला होता. तुला आनंद व्हावा म्हणून लिहिते की टेसाचे फ्री थ्रो पडत नाहीत. धावताना, पास देताना बघावं तर पोरगी वाऱ्यासारखी. पण रेषेवर एकटी उभी राहिली की चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटतो आणि परत येतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आमच्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या, होईल नीट. टेसानं मान हलवली आणि सगळ्या गेल्यावरही एकटीच फेकत राहिली. मी गाडीत वाट बघत बसले होते. बाहेर आली ती हसतच, पण माझ्याकडे न बघता.

म्हणजे शुक्रवारी तुमची चैन आहे. तिला नुसते धक्के मारून फाउल करा आणि रेषेवर पाठवा, म्हणजे झालं. क्लीटच्या दुकानात सांग, सगळे खूश होतील.

खुशाली कळव, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मार्लिसताई


हॅडन
२२ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुडिंग पोचलं आणि संपलं. तुझी बातमी वाचून मला आनंदच झाला. क्लीटच्या दुकानात मात्र सांगितलं नाही, सध्या तिकडे जाणं झालेलं नाही.

सहज विचारतो. पुढच्याच कडेला आपटतो ना? डावी-उजवीकडे जात नाही? मग हाताचा जोर कमी पडतोय असं तुमच्या बाई सांगतील, त्यांचं ऐकू नका. जोर आहे. तिचं उजवं कोपर बाहेर जातंय. लहानपणापासूनची खोड आहे. मनात काही खुपत असलं की कोपर पंखासारखं बाहेर येतं. गॅरेजच्या दारावरच्या रिंगखाली मी चेंडू परत द्यायला उभा असायचो तेव्हा नुसतं कोपर म्हणून ओरडलो की पुढचा बरोबर पडायचा. कोपर बरगडीजवळ, आणि फेकण्याआधी चेंडू जमिनीवर तीनदा आपटायचा. दोनदा नाही. घाई झाली की ती दोनदाच आपटते.

हे मी ऑर्डवेच्या भल्यासाठी लिहीत नाही. अर्धवट शिकवलेली मुलगी बघवत नाही, एवढंच. शाळेची बस चालवली त्या सगळ्या वर्षांत मी कुणाला चुकीच्या थांब्यावर उतरवलं नाही, तशातलंच हे समज.

हे पत्र तिला दाखवू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
लॉरेन


ऑर्डवे
३० ऑक्टोबर

चि. लॉरेन यास अ. आ. वि. वि.

पत्र दाखवू नकोस लिहिलं होतंस, म्हणून दाखवलं नाही. मोठ्यानं वाचलं. टेसा पॅनकेक खात होती.  काट्यावरचा तुकडा तसाच धरून तिनं हात वर केला आणि स्वतःच्या कोपराकडे बघत राहिली. पाक टेबलक्लॉथवर सांडला. माझा चांगला टेबलक्लॉथ होता, पण मी गप्प बसले, यावरून काय ते ओळख.

मंगळवारी आमचा हंगामाआधीचा मित्रत्वाचा सामना झाला, शेजारच्या छोट्या कॉलेजशी. मी दाराजवळ ॲपल-पाय विकायला बसले होते. पूर्वार्धात टेसा रेषेवर आली. पहिला फ्री थ्रो गेला, कडेला आपटून. तेवढ्यात अगदी वरच्या रांगेतून कुणीतरी कोपर म्हणून असं काही ओरडलं की बर्नीसच्या हातातली सुटी नाणी खाली पडली. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तोच माणूस असं ओरडतो. टेसानं वर बघितलं नाही. तीनदा चेंडू आपटला आणि फेकला. कडेला न लागता सरळ जाळीत गेला. त्यानंतर एकही चुकला नाही.

मी विक्री सोडून वर गेले तोवर तपकिरी कोटातला एक म्हातारा मागच्या दारानं कमरेवर हात ठेवून पळत होता. पळत म्हणजे, त्याला जमेल तितकं.

तू त्या दिवशी कुठं होतास, सहज कळव.

लोभ आहेच, आणि सध्या थोडा वाढला आहे.

तुझी
मार्लिसताई


हॅडन
२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

मंगळवारी मी दाताच्या डॉक्टरकडे होतो. तपकिरी कोट इंडियानात पुष्कळांकडे आहेत. कोपर हा शब्दही कुणाच्या मालकीचा नाही.

तुमचं जिम उकडतं, असं ऐकून आहे.

लोभ ठेव आणि चौकशा कमी कर.

तुझा
लॉरेन


ऑर्डवे
४ नोव्हेंबर

ती. आजोबांस टेसाचा सा. न.

पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करा. बास्केटबॉलचं फक्त पत्रात बोलायचं असं मार्लिसआजीनं सांगितलं, म्हणून लिहिते.

मंगळवारी तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे होतात असं कळलं. मग तुमची टोपी एकटीच आली असणार. वरच्या रांगेत बाकाखाली सापडली. निळी, आत तुमचं नाव, आणि तुमच्या दाढीच्या साबणाचा वास. बर्नीसकाकू तिला हात लावायला तयार नव्हत्या, कागदात धरून घेऊन आल्या. आमच्या जिममध्ये हॅडनची टोपी खिशात घालून येणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळायला हवं होतं. सुदैवानं ओळखपाळख असलेल्यांच्या हाती लागली.

आजोबा, दोन वर्षं मी हॅडनच्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. तुम्ही एकही सामना चुकवला नाहीत. मी मैदानात उतरले नाही तरी शेवटी जिन्यापाशी थांबायचात आणि म्हणायचात, पुढच्या वेळी. तुम्ही ते म्हणायला लागलात की मला तुमच्याकडे बघवत नसे. मला तुम्हाला एकदा खेळून दाखवायचं होतं. तिथं ते होणार नव्हतं. कॉलेज बदलल्याचं फोनवर एका वाक्यात सांगून मोकळी झाले, कारण दुसरं वाक्य आलं असतं तर मी रडले असते, आणि तुम्हाला ते ऐकूही आलं नसतं.

घरच्यांसाठी आम्हाला प्रत्येकी दोन तिकिटं मिळतात. मी एक आमच्या बाजूचं घेतलं आहे आणि एक बदलून पाहुण्यांच्या बाजूचं. दोन्ही सोबत आहेत. हवं ते वापरा. टोपी मी सामन्यानंतर जिन्यापाशी देईन, आधी नाही.

तुमच्या लोभातली,
टेसा


हॅडन
७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिचं पत्र आलं. ते तुला दाखवणार नाही, आणि मोठ्यानं तर वाचणारच नाही.

आज क्लीटकडे गेलो. केस वाढलेले नव्हते, तरी त्यानं काही न विचारता कापड बांधलं. म्हटलं, माझं भाकीत बदलायचं आहे.  मी सांगितलं, शुक्रवारी हॅडन जिंकणार, आणि माझी नात सगळे फ्री थ्रो टाकणार. क्लीट म्हणाला, लॉरेन, तिनं सगळे टाकले तर आपण जिंकायचं कसं? मी म्हटलं, ते प्रशिक्षकांनी बघावं, मी माझं सांगितलं. मग तो बराच वेळ हसला, पण कापड सोडलं. निघताना त्यानं माझ्यासाठी दार धरलं, जे तो कुणासाठी करत नाही.

तर मी येतो आहे. पण गैरसमज नको. पाहुण्यांच्या बाजूचं तिकीट वापरणार. निळा कोट घालणार. टोपी नाही, कारण ती ओलीस आहे. ऑर्डवेच्या बास्केटला टाळी वाजवणार नाही. कुणी टेसाला धक्का दिला तर मात्र पंचांशी बोलेन, मग धक्का देणारी कुठल्या का कॉलेजची असेना.

एक अडचण आहे, ती तुलाच सांगतो. ती पहिल्या पाचांत खेळणार असं पेपरात आलं आहे. समज, पहिली बास्केट तिनंच टाकली, तर मी काय करायचं?

लोभ असू दे, त्या दिवशी जरा जास्तच लागेल.

तुझा
लॉरेन


ऑर्डवे
१० नोव्हेंबर

चि. लॉरेन यास अ. आ. वि. वि.

ती पहिल्या पाचांत आहे हे खरं. प्रशिक्षक बाईंनी काल सांगितलं आणि बर्नीसनं दुजोरा दिला, म्हणजे दोनदा खरं. तिकिटं सगळी संपली आहेत. आमच्या रांगेतल्या बायकांचं भाकीत आहे की आम्ही सहा गुणांनी हरू. माझं भाकीत मी सांगत नाही, वयाला शोभत नाही.

तुझ्या अडचणीचा मी विचार केला. तुला जेवढी वाटते तेवढी ती मोठी नाही. शिट्टी वाजेल तेव्हा तुमची बाजू हॅडनसाठी उभी असेल आणि आमची ऑर्डवेसाठी. सगळं जिमच उभं असेल. त्यात एक कमरेनं वाकडा म्हातारा कुणासाठी उभा आहे, हे कुणालाही विचारता येणार नाही. तेव्हा उभा राहायला घाबरू नकोस.

प्रश्न फक्त बसण्याचा आहे, कुणाच्या बास्केटनंतर बसतोस त्याचा. मी तुझ्या बरोबर समोर बसणार आहे. ॲपल-पाय विकायचं काम मी त्या दिवसापुरतं दुसरीला दिलं आहे आणि लांबचं बघायचा चष्मा पुसून ठेवला आहे. बर्नीसला सांगितलं, तिनं रांगेला सांगितलं. टेसाला मी काही सांगितलेलं नाही, तिनं खेळाकडे बघावं. पण आमच्यापैकी कुणीही पहिल्या बास्केटकडे बघणार नाही. आम्ही सगळ्या, निळ्या कोटातला तो माणूस कधी खाली बसतो ते बघणार आहोत.

जेवायला सामन्याआधी ये. टेबलक्लॉथ धुतला आहे. लोभाचं काय ते शुक्रवारी समोरासमोर.

तुझी
मार्लिसताई